तिसऱ्या मजल्यावरच्या काकडीच्या बिया

रुग्ण दोन. ठकी, मादी, वय सहा, नसबंदी झालेली, वजन ४ किलो १०० ग्रॅम. लाडू, बोका, वय दोन, तोही नसबंदी झालेला, वजन ५ किलो २०० ग्रॅम. दोघंही देशी. मुक्काम कर्वेनगरातली तीस वर्षं जुनी सोसायटी, तिसरा मजला, लिफ्ट नाही. घरात काका, काकू आणि सकाळी दोन तास कामाला येणाऱ्या मावशी. तक्रार एकट्या ठकीची होती. लाडूचं नाव माझ्या पहिल्या केसपेपरवर नव्हतंच, आणि हे प्रकरण लांबलं त्याचं अर्धं कारण ते आहे. उरलेलं अर्धं मी स्वतः.

मी मांजराकुत्र्यांची डॉक्टर. हे २०२४ च्या पावसाळ्यातलं प्रकरण काका-काकूंना विचारून लिहिते आहे. मांजरांना विचारलेलं नाही.

१८ जुलै

आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी काकू ठकीला वेताच्या करंडीत घालून, वर जुन्या साडीचं फडकं बांधून घेऊन आल्या. तीनेक आठवडे ठकी बसल्या बसल्या पोट चाटत होती. आधी काकूंना कौतुक वाटलं, मग पोटाचे केस जाऊन गुलाबी कातडी दिसायला लागली तेव्हा धसका बसला. केस मुळापासून गेलेले नव्हते, चाटून चाटून तुटलेले होते. हात उलटा फिरवला की दोन दिवसांच्या दाढीसारखे खुंट लागत. मानेवर आणि शेपटीच्या बुडाशी बाजरीच्या दाण्यांएवढ्या खपल्या होत्या. त्या डोळ्यांना दिसत नव्हत्या, बोटांना कळत होत्या.

असं मांजर समोर आलं की डोक्यात एक यादी उघडते. पिसवा, खाण्याची ॲलर्जी, बुरशी, खरजेचे किडे, ताण. पिसवा सगळ्यात वर. मी विचारलं, "बाहेर जाते का ही?"

"उंबरठ्याबाहेर पाऊल नाही. गॅलरीला जाळी आहे. आणि आमच्याकडे दिवसातून दोनदा लादी पुसतात."

शेवटचं वाक्य मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. माझ्या लक्षात यायला हवं होतं, आलं नाही. बारीक दातांच्या फणीने पाठ दहा-बारा वेळा विंचरली, काही निघालं नाही. बुरशीसाठी अंधार करून वुड्सचा, म्हणजे अतिनील किरणांचा, दिवा लावला, किड्यांसाठी कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. दोन्हीकडे काही नाही. मग पिसवांवर काट मारून मी आठ आठवड्यांचा खाण्याचा प्रयोग लिहून दिला. एकच ठरलेलं खाणं. दूध, सुकट, बिस्किटाचे तुकडे सगळं बंद.

चूक क्रमाची होती. खाण्याची ॲलर्जी आहे की नाही हे कळायला दोन महिने जातात आणि घरातल्या सगळ्यांना मांजराच्या तोंडावर पहारा ठेवावा लागतो. पिसवांचं औषध लावून बघायला एक छोटी ट्यूब पुरते. सोपं आधी, किचकट नंतर, हे मी शिकाऊ मुलांना सांगते, आणि स्वतः ‘घराबाहेर जात नाही’ एवढ्या एका वाक्यावर भाळले.

फणीत काही आलं नाही याचंही मी जास्तच वजन धरलं. पिसूच्या लाळेची ॲलर्जी असलेलं मांजर पुरावा खाऊन टाकतं. खाज सुटते म्हणून ते इतकं चाटतं की अंगावरच्या पिसवा जिभेने वेचून गिळून जातं. मांजराच्या जिभेवरचे काटे आपल्या कुठल्याही फणीपेक्षा सरस. दोन-चार चावेही अशा मांजराला कित्येक दिवस खाजवत ठेवतात, तोवर चावणारी पिसू पोटात गेलेली असते. त्यामुळे टक्कल पडलेल्या, अंगावर एकही पिसू नसलेल्या मांजराबद्दल मी आता उलटाच संशय घेते.

२२ ऑगस्ट

मधले पाच आठवडे पावसाचे. २५ जुलैला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी घुसलं ते सगळ्यांच्या लक्षात असेल. नदीच्या अलीकडे, काकूंच्या तिसऱ्या मजल्यावर, पाणी नव्हतं पण ओल होती. कपडे वाळत नव्हते, मिठाला पाणी सुटत होतं, खिडक्या बंद होत्या. या ओलीचा ठकीशी काय संबंध ते पुढे येईल.

काकू आल्या त्या वैतागून. ठकी नव्या खाण्यावर बारीक झाली होती आणि टक्कल मांड्यांवर उतरलं होतं. संकष्टीचा उपास होता, त्यात जिने. मी नोंदी करत होते, काकू बोलत होत्या. ठकीची तक्रार संपवून त्या काकांच्या तक्रारीवर आल्या. "यांना सांगून दमले, दिवाणावर बसून खात जाऊ नका म्हणून. खमंग काकडीच्या बिया गोधडीभर पडलेल्या असतात. वाळून चिकटून बसतात."

मी पेन खाली ठेवलं. "काकू, तुम्ही काकडी कोवळी घेता की जून?"

"कोवळीच. जून काकडी काय चोचवायची?"

"मग वाळून दिसतील एवढ्या बिया येतात कुठून?"

काकू थांबल्या. तासाभराने काका कॅलेंडरच्या कागदाची पुडी घेऊन आले. आत तीन ‘बिया’, पिवळट, तांदळाच्या दाण्याएवढ्या. एक सलाइनच्या थेंबात चुरडली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली. द्राक्षाच्या घोसासारखे अंड्यांचे पुंजके. डिपिलिडियम कॅनायनम, म्हणजे पट्टकृमी, आणि ही त्याच्या अंगाची गळून पडलेली पेरं. ताजी असतात तेव्हा ती शेपटीखाली किंवा अंथरुणावर वळवळतातही.

या कृमीचं एक बरं आहे, तो खोटं बोलत नाही. त्याची अंडी मांजराने खाल्ली तरी मांजराला काही होत नाही. अंडी आधी पिसूच्या अळीने खावी लागतात, अळीची पिसू व्हावी लागते, आणि ती पिसू मांजराने गिळावी लागते. गोधडीवरची प्रत्येक बी म्हणजे पिसू गिळल्याची पावती होती.

मी लाडूला आणायला सांगितलं. संध्याकाळी लाडू आला, गुबगुबीत, तुकतुकीत, कुठे खाज नाही की खपली नाही. शेपटीच्या बुडाशी फणी फिरवली आणि दातांत मिरपुडीसारखी काळी भुकटी आली. ती ओल्या टिश्यूवर टाकली आणि थांबलो. अर्ध्या मिनिटात प्रत्येक कणाभोवती तांबूस तपकिरी डाग पसरला. साधी धूळ अशी रंग सोडत नाही. ही पिसवांची विष्ठा असते, म्हणजे पचलेलं रक्त. पाचव्या-सहाव्या वेळेला फणीत दोन जिवंत पिसवाही आल्या. लाडूला ॲलर्जी नाही म्हणून तो खाजवत नव्हता. कळप त्याने पाळला होता आणि भाडं ठकी भरत होती.

काका म्हणाले, "म्हणजे काकडीचा आरोप माझ्यावरून उठला तर." काकू हसल्या नाहीत. त्यांनी साडीची कड चार बोटं वर घेतली. दोन्ही घोट्यांवर लाल पुळ्या, तीन-तीन एका रेषेत. महिनाभर होत्या. डेंग्यूचे दिवस, त्यांना डास वाटले, रोज मलम लावत होत्या. डास उघडं दिसेल तिथे चावतो. पिसू जमिनीवरून उडी मारते, म्हणून तिचे चावे बहुतेक गुडघ्याच्या खालीच असतात. हे मी बोलायच्या आधीच काकूंना कळलं होतं, बहुधा जुलैतही कळलं होतं.

"अगं, पिसवा म्हटलं की लोक काय म्हणतील? आमच्या सासऱ्यांचे वडील प्लेगात वाडा सोडून गावाबाहेर झोपडीत राहिलेले. आमच्या घरात हा शब्द काढत नाहीत."

त्या ‘डॉक्टर, तुम्ही’वरून ‘अगं’वर आल्या तो हा क्षण. पुढचं सगळं त्यामुळे सोपं झालं.

प्लेगची पिसू वेगळी, मुख्यतः उंदरावरची, झेनोप्सायला चिओपिस. मांजराच्या अंगावर असते ती टेनोसेफॅलायडिस फेलिस. कुत्र्यावरही ती निघते. ती प्लेग पसरवण्यात फारच कमी पडते, पण अगदी निरुपद्रवी नाही. मांजराच्या ओरखड्यातून येणाऱ्या तापाचा जंतू मांजरामांजरांत तिच्यामुळेच फिरतो, आणि अगदी लहान पिल्लांचं रक्त ती इतकं पिते की हिरड्या पांढऱ्या पडतात. काकूंच्या मनातल्या भीतीचं मूळ मात्र १८९७ मध्येच आहे. तेव्हा पुण्यात सोल्जर घराघरांत शिरले, सामान जाळलं, जमिनी धुतल्या, भिंतींना चुना मारला, आणि उंदरावरून माणसावर येणारी पिसू कुणाच्या हिशेबातच नव्हती. सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने कराचीत १८९८ साली प्रयोग करून तिच्यावर बोट ठेवलं, तरी पुढे कित्येक वर्षं त्याचं म्हणणं कुणी मनावर घेतलं नाही. रोग म्हणजे घाण आणि पिसू म्हणजे घाण हे समीकरण आपल्याकडे तेव्हापासून चिकटून बसलंय. काकूंनी दोनदा पुसलेली लादी मला आधीच सांगून टाकली, ती यासाठी.

त्याच दिवशी दोघांनाही औषध लावलं. मांजरांसाठीचं, फिप्रोनिल आणि एस-मेथोप्रीन असलेलं. पहिलं मोठ्या पिसवा मारतं, दुसरं अंडी आणि अळ्या वाढू देत नाही. मानेच्या मागे, कवटी संपते तिथे, केस दोन्हीकडे सारून थेट कातडीवर. केसांवर सांडलं तर अर्धं वाया जातं, आणि खांद्यांच्या खाली लावलं तर जीभ पोहोचते आणि मग तोंडाला फेस. दोघं एकमेकांना चाटतात म्हणून सुकेपर्यंत वेगळ्या खोल्यांत. दोन दिवस आधी आणि दोन दिवस नंतर अंघोळ नाही. पट्टकृमीसाठी दोघांनाही प्राझिक्वान्टेल, ठकीची खाज थांबवायला थोडे दिवस प्रेडनिसोलोन. खाण्याचा प्रयोग बंद. ठकीला सुकट परत मिळाली, तिच्या दृष्टीने उपचार तिथेच पूर्ण झाले.

दिवाण

दुसऱ्या दिवशी मी घरी गेले. आधीच जायला हवं होतं. काकूंना मी दोन्ही मांजरांच्या झोपण्याच्या जागांचा नकाशा काढायला सांगितला होता. निवृत्त शिक्षिका, त्यांनी पाठकोऱ्या कागदावर पट्टीने घर आखून ठेवलं होतं, ठकी लाल पेनाने, लाडू निळ्या. दोन्ही रंग एका जागी दाटले होते. हॉलमधला दिवाण, त्यावर काकूंच्या आईने शिवलेली गोधडी.

पिसूचं गणित या नकाशाशिवाय समजत नाही. मोठी पिसू मांजराच्या अंगावरच राहते, रक्त पिते, आणि पहिल्या जेवणानंतर एक-दोन दिवसांत अंडी घालायला लागते. जोरात असली तर दिवसाला चाळीस-पन्नास. अंडी गुळगुळीत असतात, केसांना चिकटत नाहीत. मांजर जिथे झोपतं, अंग झटकतं, तिथे मीठ सांडावं तशी गळतात, आणि वर विष्ठेची काळी भुकटीही गळते. अंड्यांतून अळ्या निघतात त्या उजेडाला भिऊन खाली, फटीत, शिवणीत शिरतात आणि ती भुकटी खाऊन वाढतात. मग रेशमासारखा चिकट कोष विणतात, त्याला घरातलीच धूळ चिकटते, आणि धुळीत तो धुळीसारखाच दिसतो. सगळं जुळून आलं तर अंड्यापासून पिसूपर्यंत तीन-चार आठवडे. मांजरावर दिसणाऱ्या पिसवा एकूण पसाऱ्याच्या शंभरात जेमतेम पाच. बाकीच्या पंचाण्णव दिवाणात.

जुळून येणं म्हणजे साधारण २७ अंश आणि सत्तर-ऐंशी टक्के दमटपणा, म्हणजे पुण्याचा ऑगस्ट. हवेतली ओल पन्नास टक्क्यांखाली गेली की अळ्या वाळून मरतात. एप्रिलच्या दुपारी पुण्यात उघड्यावर त्या टिकत नाहीत. पण चार पदरी गोधडीच्या पोटात, वर ऊबदार मांजर झोपलेलं असताना, एप्रिलही पावसाळ्यासारखाच असतो. म्हणूनच ‘उन्हाळ्यात पिसवा नसतात’ हे मला पूर्ण पटत नाही.

गोधडी उकळत्याच्या जवळच्या पाण्यात धुवायची ठरलं. काकूंचा जीव वरखाली झाला, आईच्या हातचे टाके. शेवटी ६० अंशांवर मशीनमध्ये, नाजूक चक्रावर. टाके शाबूत राहिले. मोझॅकची लादी आणि भिंत यांच्यामधली फट, दिवाणाच्या खालची पोकळी, सोफ्याच्या बैठकीची शिवण, इथे व्हॅक्युम क्लीनर रोज फिरवायचा आणि आतली पिशवी गाठ मारून लगेच खाली कचऱ्यात टाकायची, असं सांगितलं. काकूंकडे व्हॅक्युम क्लीनर नव्हता. शेजाऱ्यांकडे होता, पण कशासाठी हवा हे शेजाऱ्यांना सांगावं लागलं असतं. ते मला नंतर कळलं. पुढचे बारा दिवस मावशींनी मन लावून झाडू मारला, आणि झाडू फटीतलं काढत नाही, फटीत लोटतो.

मावशी लादी फिनेलने पुसत होत्या, ते त्या दिवशी थांबवलं. फिनॉल आणि त्याच्या जातीची रसायनं मोडून बाहेर टाकायची सोय मांजराच्या यकृतात फार तोकडी आहे. पंजांना लागतं, पंजे चाटले जातात. कापूर, डांबराच्या गोळ्या, नीलगिरीचं किंवा टी ट्रीचं तेल, हे सगळे ‘नैसर्गिक’ उपाय याच कारणाने मांजरांच्या घरात नकोत. काकूंनी गोधडीखाली कडुनिंबाचा पाला पसरला होता, त्याने कुणाचं काही बिघडलं नाही. पिसवांचंही.

१६ सप्टेंबर, रात्र

४ सप्टेंबरला काका-काकू गणपतीला गुहागरला गेले. मांजरं भाचीकडे वारज्याला. घर बारा दिवस बंद. गौरी-गणपती उरकून १६ तारखेला रात्री परतले, वाटेत मांजरांना घेतलं, कुलूप उघडलं. काका पांढरा लेंगा घालून दिवाणावर टेकले आणि पाच मिनिटांत लेंग्यावर काळे ठिपके उड्या मारायला लागले. त्यांनी मोजले, अठरा.

फोन काकांचा होता. "डॉक्टर, तुमच्या औषधाने वाढल्या की काय? खालच्या दुकानातून कुत्र्याचं आणलंय, ते जास्त स्ट्राँग असतं म्हणे. अर्धं टाकलं तर चालेल ना? ट्यूब कापलीय."

मी काय ओरडले ते इथे लिहीत नाही. खोक्यावरचं नाव वाचायला लावलं. परमेथ्रिन. बाजूला मांजराचं चित्र आणि त्यावर फुली, पण ती फुली चष्म्याशिवाय दिसत नव्हती. परमेथ्रिन कुत्र्याला सोसतं, मांजराच्या यकृताला ते आवरत नाही. काही तासांत कान फडफडायला लागतात, अंगभर कापरं भरतं, मग झटके येतात, ताप चढतो. अर्धी ट्यूब म्हणजे अर्धा धोका असा हिशेब तिथे नाही. मांजराचा जीव अर्ध्यातही जातो. ताजं औषध लावलेल्या कुत्र्याला बिलगून झोपलेली मांजरंही माझ्याकडे आलेली आहेत. चुकून लागलंच तर कोमट पाण्याने, भांडी घासायच्या साबणाने लगेच धुवायचं आणि तसंच ओलं टॉवेलात गुंडाळून दवाखाना गाठायचा, कापरं भरायची वाट पाहायची नाही. काकांनी ट्यूब कागदात बांधली आणि दुसऱ्या दिवशी परत केली.

आता त्या अठरा पिसवा. औषध फसलेलं नव्हतं. कोष हा या किड्याचा किल्ला आहे; त्यात ना फवारा शिरत, ना थेंब. आतली पिसू तयार होऊन आठवडेच्या आठवडे, कधी काही महिने, नुसती बसून राहते. जमीन हादरली, ऊब जाणवली, श्वासातला कार्बन डायऑक्साइड पोहोचला की क्षणात बाहेर. २२ ऑगस्टच्या आधी पडलेल्या अंड्यांचे कोष दिवाणाखाली तयार होते. बारा दिवस घरात कुणी चाललं नाही, बसलं नाही, श्वास घेतला नाही. मग दोन माणसं सामान आदळत आली आणि सगळे कोष एकदम फुटले. रिकाम्या फ्लॅटमध्ये नवं बिऱ्हाड येतं आणि पहिल्याच रात्री पिसवा चावतात, भाडेकरू मग घरमालकाशी भांडतो, त्यामागेही पुष्कळदा हेच असतं. आधीच्या बिऱ्हाडाचं मांजर किंवा कुत्रं.

काकू म्हणाल्या, मांजरांना परत भाचीकडे पाठवू का. मी म्हटलं, उलट त्यांना हॉलमध्ये मोकळं सोडा. ऑगस्टच्या औषधाचा महिना अजून संपला नव्हता. बाहेर आलेली पिसू मांजरावर उडी घेणार आणि एक-दोन दिवसांत, अंडी घालायचं जमण्याआधीच, बहुतेक मरणार. औषध लावलेलं मांजर हा घरातला चालताबोलता सापळा आहे. तो उचलून वारज्याला नेला तर पिसवांना काकांच्या पोटऱ्याच उरतात. काकांना हा युक्तिवाद फार आवडला नाही, पण पटला.

दुसऱ्या दिवशी काकू शेजारी गेल्या आणि म्हणाल्या, पिसवा झाल्यात, व्हॅक्युम क्लीनर द्या. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, आमच्याकडे पण झाल्या होत्या, गेल्या वर्षी, कुणाला बोलले नाही. व्हॅक्युमच्या हादऱ्याने कोषातल्या पिसवा आपणहून बाहेर येतात, त्याचा निम्मा फायदा तोच. पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवायचं का यावर आम्ही बोललो, आणि नको ठरवलं. दोन मांजरं, तीन खोल्या, सापडलेला दिवाण. एवढ्यासाठी फवारा आणि मांजरांचं पुन्हा स्थलांतर मला झेपण्यासारखं वाटलं नाही. गालिचे असते, कुत्रा असता, तर माझं मत वेगळं असतं.

पार्किंग

एक प्रश्न तसाच राहिला होता. तिसऱ्या मजल्यावर, जाळीच्या आत, पहिली पिसू आली कुठून? जुलैत मी ‘मांजर बाहेर जाते का’ विचारलं होतं. १७ सप्टेंबरला दिवाणाखाली आडवी पडून टॉर्च मारता मारता मी विचारलं, "घरातलं कोण कोण बाहेर जातं?"

काका खिडकीकडे बघायला लागले. काका रोज पहाटे साडेपाचला फिरायला जातात, असं काकूंना तीन महिने वाटत होतं. काका जिन्याखाली जात होते. तिथे, बंद पडलेल्या स्कूटरच्या कव्हरखाली, एक काळी मांजरी आणि तिची पिल्लं. काका पायरीवर बसून तिला दूधपोळी घालत, ती पायांत घोटाळे, मग काका वर येऊन त्याच लेंग्याने दिवाणावर बसून चहा पीत. सोसायटीच्या बैठकीत भटक्या मांजरांवरून भांडण झालेलं, काकूंनी तेव्हा ‘खाऊ घालणाऱ्यांनी घरी न्यावीत’ असं भाषण केलेलं. म्हणून काकांनी तोंड मिटून ठेवलं होतं.

"साखर घालून?" काकूंनी एवढंच विचारलं.

काळीच्या अंगावर फणी दोनदा फिरवावी लागली, तिसऱ्यांदा गरज नव्हती. हीच एकमेव वाट होती असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पाहुण्यांचे कपडे, डक्टमधले उंदीर, दवाखान्यात शेजारी ठेवलेली दुसऱ्याची करंडी, पिसूला कुठलीही वाट चालते. पण काळीला तशीच ठेवून वर औषधं लावत बसणं म्हणजे गळका नळ उघडा ठेवून लादी पुसणं. दूध पाजणाऱ्या मांजरीला चालणारं पिसवांचं औषध, सेलामेक्टिन, तिला लावलं. पिल्लं पाच आठवड्यांची होती, त्यांना औषध नाही, फणी आणि साबणाच्या पाण्याची वाटी. आठ आठवडे झाल्यावर त्यांनाही थेंब. स्कूटरचं कव्हर फेकलं. ऑक्टोबरअखेर काळीची नसबंदी झाली. पैसे काकांनी आणि वहिनींनी अर्धे अर्धे दिले.

पुढे

दुसरा डोस २१ सप्टेंबरला, तिसरा २० ऑक्टोबरला. तारखा पाहून काकूच म्हणाल्या, "अगं, या तर संकष्ट्या." २२ ऑगस्टचीही संकष्टीच होती. औषध महिन्याने लावायचं असतं आणि बहुतेक घरांत तिसऱ्या महिन्याला विसरतं, मांजर बरं दिसतं म्हणून. संकष्टी काकू विसरत नाहीत. ती एकोणतीस-तीस दिवसांनी येते, अधिक महिना आला तरी येते. आता हे मी उपास करणाऱ्या सगळ्या घरांत सांगते. बाकीच्यांना पगाराची तारीख.

लेंग्यावरचे ठिपके आठवड्यात चार-पाचवर आले, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यानंतर दिसले नाहीत. पांढरे मोजे घालून दिवाणाभोवती दहा मिनिटं फिरायचं आणि मोजे तपासायचे, हे काम काकांकडे होतं. १८ नोव्हेंबरला ठकीच्या पोटावर मऊ केस होते, मांड्या अजून विरळ. लाडूच्या फणीत काही नाही. ओल्या टिश्यूवर त्याच्या अंगाखालची धूळ टाकली, ती धूळच राहिली.

औषध बारा महिने चालू ठेवायचं का यावर डॉक्टरांत मतभेद आहेत, खर्चही आहे. खाली काळी आहे आणि काका आहेत तोवर या घराला मी बारा महिने सांगितलं आहे. जिथे येणंजाणं कमी, कुत्रं नाही, खाली भटकी मांजरं नाहीत, तिथे मे महिन्यात, पावसाच्या आधी सुरू करून डिसेंबरपर्यंत, आणि उरलेल्या महिन्यांत दर रविवारी फणी, एवढ्यावर मी भागवते. जुलैत ठकीसारखं मांजर दिसल्यावर सुरू करणं म्हणजे दोन महिने उशीर. घरात चार मांजरं असतील तर चारही. खाजवतं त्यालाच लावणं हा खर्च वाचवायचा मार्ग नाही, हे लाडूने मला शिकवलं.

मे २०२५ मधल्या संकष्टीला संध्याकाळी काकूंचा फोन आला.

"अगं, चंद्रोदयाच्या आधी लावायचं की नंतर?"

मी म्हटलं, "काकू, लाडू झोपला असेल तेव्हा."